नाथूजींनी फाटक सोडलं ती दुपार

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही. अण्णांना नाही — ते जायच्या आधी तीन दिवस मी त्यांच्या उशाशी बसून होते, तेव्हाही नाही. आमच्या ह्यांना तर नाहीच. माझ्या डाव्या गुडघ्यावर एक लांब व्रण आहे. लग्नानंतर ह्यांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, सायकलवरून पडले होते. बिचाऱ्यांनी ते शेवटपर्यंत खरं मानलं. सायकल तर मला अजून येत नाही!

मग आता तुम्हालाच का सांगते आहे? खरं सांगू — माहीत नाही. घरात बोलायला कुणी उरलं नाही, आणि पोटातलं काही कमी होत नाही, म्हणून असेल.

तुमच्यापैकी काहींनी माझी पुस्तकं वाचली असतील. नसतील वाचली तर मुलांच्या दप्तरात पाहिली असतील. किल्ले, भुयारं, सात डोंगरांपलीकडच्या मोहिमा, आणि प्रत्येक गोष्टीत दारावर उभा असलेला माझा यमाजी पहारेकरी. सतरा पुस्तकं झाली त्याची. "देह सोडीन, दार नाही सोडणार!" हे त्याचं वाक्य. शाळांमधून बोलावतात तेव्हा मुलं ते माझ्याबरोबर ओरडून म्हणतात, मास्तरांची टोपी उडेल इतक्या जोरात. मागे एका चिमुरडीनं उभं राहून विचारलं, "आजी, यमाजी खरा होता का हो?" मी म्हटलं, "नाही गं बाळा, सगळं डोक्यातलं." टाळ्या पडल्या. मी घरी आले आणि जेवले नाही.

खरा होता तो. नाथूजी त्यांचं नाव. आणि ते — पण थांबा, आधी ते कोण, ते सांगू दे. माझ्याबद्दल सांगायला पुढे जागा आहेच.

सत्तावन-अठ्ठावन सालची गोष्ट. अण्णांची बदली जयपूरला झाली आणि आम्ही साताऱ्याहून बोचकीबाचकी घेऊन तिथे उतरलो. मी दहा वर्षांची. शहराच्या उत्तरेला, डोंगराच्या अगदी पायथ्याशी सरकारी क्वार्टर्स होती. बारा घरं, एक मोठं लोखंडी फाटक, आणि फाटकाशी एक खोली. त्या खोलीत नाथूजी. साठीच्या जवळ आलेले, पण पाठ अशी ताठ की आई म्हणायची, "ह्या माणसानं कधी पाठ टेकली असेल का गं?" डोक्यावर केशरी साफा. साफ्याशिवाय त्यांना मी पाहिलेलंच नव्हतं. झोपताना तरी काढतात का, असा मला प्रश्न पडायचा.

राजेरजवाड्यांच्या काळात ते मारवाडातल्या एका ठाकुराच्या गढीवर पहाऱ्याला होते. बावीस वर्षं एकाच दरवाजावर! जहागिऱ्या गेल्या, गढी गेली, आणि हे पोट भरायला जयपूरला आले. मी शाळेतून आले की दप्तर टाकून त्यांच्या खोलीच्या पायरीवर जाऊन बसायची. मला हिंदी धड येत नव्हतं, त्यांना मराठी येत नव्हतं. पण वर्षभरात त्यांना माझं मराठी कळायला लागलं आणि मी घरी "मतलब" आणि "भैया" असं बोलायला लागले. आई डोक्याला हात लावायची.

त्या दरवाजामागे काय होतं, हे मी त्यांना रोज विचारायची. मोहरा? हिरे? राणीचे दागिने? ते हसायचे. शेवटी एकदा सांगितलं — गढी सरकारजमा झाली तेव्हा त्यांच्यादेखत कुलूप तोडलं, तर आत जुनी खोगिरं, सडलेले दोर आणि उंदीर. मला इतका राग आला! बावीस वर्षं उंदरांवर पहारा? मी म्हटलं, तुम्हाला फसवलं त्यांनी. त्यावर नाथूजी — मला ते बाईसा म्हणायचे, आपल्याकडे ताईसाहेब म्हणावं तसं — म्हणाले, "बाईसा, पहरा दरवज्जे का था. माल का हिसाब तो ठाकुरसा जाने." आणि शांतपणे चिलीम झाडली. बावीस वर्षांत एक दिवस, एक घटका त्यांनी दार सोडलं नव्हतं. धाकटा भाऊ खालच्या वाडीत शेवटचे श्वास मोजत होता तेव्हासुद्धा बदली माणूस येईपर्यंत ते हलले नव्हते. हे सांगताना त्यांचा आवाज जरा वेगळा झाला होता.

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण पुढे ती लागणार आहे. पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात त्यांच्या गावाकडची चार माणसं आली. कुणीतरी चुलता वारला होता. तिकडे अशी रीत आहे की दुखवट्याला भेटले की अफू पाण्यात घोटतात, आणि एकजण आपल्या ओंजळीत ते पाणी धरून दुसऱ्यापुढे करतो. ते नाकारणं म्हणजे मेलेल्या माणसाचा अपमान. मी पायरीवरच होते. नाथूजींनी त्या माणसाच्या तळव्याला नुसते ओठ लावले आणि मिशीवरून हात फिरवला. पाहुणे गेल्यावर ते मुद्दाम माझ्याकडे वळून म्हणाले, "रीत है बाईसा, मुँह लगाना पड़ता है. पीता नहीं हूँ. पहरेवाला पिये तो पहरा कौन दे?" मला समजलं होतं. पूर्ण समजलं होतं, हे लक्षात असू द्या.

तर मोहीम. आमच्या कॉलनीतली मुलं सुट्टीत मोहिमेचा खेळ खेळायची. त्यात मला काम काय, तर पळवून नेलेली राणी. मतलब, दिवसभर जिन्याखाली कण्हत बसायचं आणि कुणी सोडवायला आलं की "आलात नाथ!" म्हणायचं. मी सरदार होणार म्हटलं की सगळे फिदीफिदी हसायचे. मी मनाशी ठरवलं. मागच्या डोंगरावर एक पडका बुरूज होता. तिथे एकटीनं जायचं, त्याच्या टोकाला आपली लाल रिबन बांधायची, आणि मग ह्या दिवट्यांना खालून दाखवायची — बघा रे, सरदार कोण ते! कुणाला सांगितलं नाही. फक्त नाथूजींना सांगितलं. राहवतं थोडंच? ते हसले, मग हसायचे थांबले आणि म्हणाले, "अकेली नहीं. पहाड़ किसी का सगा नहीं होता, बाईसा." मी हो-हो म्हटलं.

दुसऱ्याच दुपारी मी गेले. मे महिना, लू म्हणतात तो भाजून काढणारा वारा सुटलेला, घराघरांत वाळ्याचे पडदे भिजवून सगळे आडवे झालेले. मागच्या भिंतीला कडुलिंबापाशी एक खिंडार होतं, तिथून बाहेर पडले. पाण्याची बाटलीसुद्धा घेतली नाही. गोष्टीतले सरदार कुठे बाटली घेऊन जातात?

बुरुजापर्यंत मी पोचलेच नाही. अर्ध्यावर वाट संपली, तरी मी कातळावरून सरपटत वर गेले, आणि घसरले. किती खाली आले कुणास ठाऊक. एका अरुंद कपारीत अडकले होते. वर चढता येईना, खाली बघवेना. गुडघा फाटलेला, रक्त वाहतंय, दगड असा तापलेला की हात टेकवत नव्हता. आधी ओरडले, मग रडले. मग घशातून आवाजच येईना. पाचावर धारण बसणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. माझ्या पुस्तकांमधून मी शंभर वेळा माणसं कड्यावर लटकवली आहेत. त्या सगळ्यांची तहान ही माझ्या त्या दुपारची तहान आहे.

चार वाजले की मी पायरीवर जायची. त्या दिवशी गेले नाही. नाथूजींनी थोडी वाट पाहिली, मागच्या खिंडारापाशी जाऊन आले, माझ्या चपलांचे ठसे पाहिले. आणि मग त्या माणसानं — सख्ख्या भावाच्या शेवटच्या घटकेलाही दार न सोडलेल्या माणसानं — फाटक सोडलं. माझ्यासाठी. फाटकाला कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली, पाण्याची पिशवी खांद्याला अडकवली, आणि वयाच्या साठीला तो माणूस त्या उन्हात डोंगर चढला.

वरून हाक आली, "बाईसा!" तो आवाज मी अजून ऐकते. त्यांनी डोक्यावरचा साफा उतरवला, उलगडला. केवढा लांब असतो तो! त्याचं टोक माझ्यापर्यंत सोडलं, काखेखालून बांधायला सांगितलं, आणि पाय दगडाला रोवून मला वर ओढलं. कोपर फुटलं त्यांचं. वर आल्यावर आधी पाणी पाजलं — घोट-घोट, एकदम नाही. मग साफ्याची पट्टी फाडून गुडघा बांधला. एका शब्दानं रागावले नाहीत. नुसते पुटपुटत राहिले, "जीती है, म्हारी बाई जीती है."

खाली येताना मी त्यांचा हात धरून रडत म्हटलं, अण्णांना सांगू नका, मला मारतील. खरं तर अण्णांनी मला कधी बोट लावलं नव्हतं. भीती माराची नव्हतीच. मुलांच्या हसण्याची होती. गेली होती सरदारीण आणि आली रडत! नाथूजींनी छातीला हात लावून वचन दिलं. मग साफ्याकडे पाहिलं. त्याला माझं रक्त लागलेलं. कुणी विचारलं तर काय सांगणार? त्यांनी तो गुंडाळून एका दगडाखाली लपवला आणि मला खिंडारातून आधी आत धाडलं. मी गेले, तोंड धुतलं, आणि जो परकर घाल म्हणून आई मागे लागायची तो घातला. गुडघा झाकायला हवा ना.

इकडे फाटकाशी काय झालं होतं, ते मला नंतर कळलं. दिल्लीहून मोठे साहेब आले होते, न कळवता, तपासणीला. फाटकाला कुलूप! पाऊण तास त्यांची मोटार लूमध्ये उभी. भोंगा वाजवून वाजवून ड्रायव्हर थकला. शेवटी कुणीतरी जागं झालं, साहेबांना म्हणे शिडी लावून आत घेतलं. ह्याच्यावर हसायला हवं, हो ना? मीही एरवी हसले असते.

आणि एवढ्यात नाथूजी आले. बोडक्या डोक्यानं, धुळीनं माखलेले, धापा टाकत, कोपरातून रक्त. उन्हानं पाय लटपटत होते. कुणी काय समजावं?

आमच्याच व्हरांड्यात चौकशी झाली, कारण क्वार्टर्सची देखरेख अण्णांकडे होती. साहेब सरबत पीत बसलेले, लालबुंद. अण्णांनी विचारलं, कुठे गेला होतात? नाथूजींनी हात जोडले. पुन्हा विचारलं. "गलती हुई, हुकम." एवढंच. नोकरीचा प्रश्न होता, त्या खोलीचा प्रश्न होता, आणि त्याहून मोठा म्हणजे त्यांच्या नावाचा. एक वाक्य बोलले असते तर सगळं वाचलं असतं. पण ते वाक्य माझं होतं ना! मी बोलायचं होतं. वचन त्यांनी दिलं होतं, मी कुणाला काही दिलं नव्हतं.

अण्णांनी मला हाक मारली. न्यायी माणूस होते अण्णा, नाथूजींना वाचवायचंच होतं त्यांना. "मालू, तू रोज बसतेस त्यांच्यापाशी. आज काही बोलले का? कुठे जाणार होते?" आणि बोलता-बोलता त्यांची नजर माझ्या परकरावर गेली. आज परकर कसा, असं काहीतरी त्यांच्या डोळ्यांत आलं. नुसतं आलं. मी घाबरले.

सांगू? — सांगतेच.

मी म्हटलं, "अण्णा, ते अफू घेतात. मी पाहिलंय. परवा गावची माणसं आली होती तेव्हा."

मला गप्प बसता आलं असतं. माहीत नाही म्हणता आलं असतं. मी शोधून, निवडून ते वाक्य काढलं. अकरा वर्षांची होते, असं तुम्ही म्हणाल. अकरा वर्षांच्या मुलीला अफू म्हणजे काय आणि रीत म्हणजे काय हे त्यांनी स्वतः समजावून सांगितलं होतं. मी ते समजूनच वापरलं.

अण्णा हिंदीत त्यांना म्हणाले, बच्ची कहती है तुम अफीम लेते हो, सच है? नाथूजींना माझं मराठी आधीच कळलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता हो त्यात. असता तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "बच्ची ने देखा है, हुकम."

मला खोटी पडू दिली नाही त्यांनी. व्हरांड्यात सगळ्यांसमोर, उघड्या डोक्यानं उभं राहून, तो माणूस माझ्यावर पहारा देत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. आईनं दशम्या बांधून दिल्या. मी स्वयंपाकघरात तांदूळ निवडत बसले, जन्मात पहिल्यांदा. अण्णांनी कागदावर अफूचा शेरा मारला. मारावाच लागला. आणि पुढे कित्येक वर्षं ते आम्हा भावंडांना नाथूजींचा दाखला द्यायचे: "सोन्यासारखा माणूस, व्यसनानं वाया गेला." मी मान डोलवायची.

इथेच संपलं असतं तरी पुरे होतं. पण मी पुढे मोठीही झाले.

पाच-सहा वर्षांनी, कॉलेजात असताना, आमची सहल जयपूरजवळच्या कानोत्याच्या धरणावर निघाली. फाल्गुन सरत आलेला, ऊन तापायला लागलेलं. वाटेत बस एका पाणपोईशी थांबली. गवताच्या झोपडीत मडकी पुरलेली, आणि लांब तोटीच्या झारीनं एक म्हातारा येणाऱ्या-जाणाऱ्याच्या ओंजळीत पाणी ओतत होता. ड्रायव्हर म्हणाला, हा बाबा पूर्वी गढीवर पहाऱ्याला होता, पण अफूबाज म्हणून बोभाटा झाला, मग फाटकावर कोण ठेवणार? मी तोवर ओळखलं होतं. पाठ वाकली होती त्यांची.

रांगेतून परत फिरता आलं असतं. मी ओंजळ पुढे केली. त्यांनी पाणी ओतलं. मग थांबले, माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा असा खुलला — मला ते वर्णन करता येत नाही, सतरा पुस्तकं लिहूनही येत नाही. म्हणाले, "मराठी साब की बाईसा हो ना?"

मागे मैत्रिणी होत्या. ड्रायव्हर होता. मी म्हटलं, "नहीं बाबा. आप किसी और को समझ रहे हैं."

"होगा," ते म्हणाले. "और पियो बेटा, धूप बहुत है."

आणि मी प्यायले. पोटभर प्यायले. बसमध्ये जाऊन बसले. नंतर दोन वर्षांनी एकटी गेले तेव्हा झोपडी होती, झारी होती, ओतणारी कुणी बाई होती. बाबा? गए, ती म्हणाली.

मला कुणी विचारलं, तुमच्या आयुष्यात काय मिळालं, तर मी एक-एक मोजून सांगेन. दोन मुलं, पाच नातवंडं, ह्यांचा खरखरीत हात, ही सारी पुस्तकं, ह्या वर्षीचे आंबेसुद्धा. त्या कपारीतून वर आले म्हणून हे सगळं. रोज सकाळी डोळे उघडले की मी त्यांचे आभार मानते, न चुकता. खूप आभार आहेत हो माझ्यापाशी, इतके की कधीकधी छाती भरून येते. ज्यांना द्यायचे त्यांना दिले नाहीत, हे त्यानं बदलत नाही.

आणि यमाजी? तो दार सोडत नाही म्हणून मुलं टाळ्या वाजवतात. मी पाहिलेल्या सगळ्यात मोठ्या पहारेकऱ्यानं दार सोडलं होतं. हे मी सतरा पुस्तकांत एकदाही लिहिलं नाही. लिहिलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं, का सोडलं?

तेव्हा अण्णांनी जे विचारलं होतं त्याचं उत्तर देते. नाथूजी अफू घेत नव्हते. त्या दुपारी ते मला शोधायला डोंगरावर गेले होते. फाटकाला कुलूप लावून गेले होते.

आणि हो, बाबा. मराठी साहेबांची मुलगी मीच.